शेवंतीनं पाय रोवला

त्या सोमवारी धामणखेडीत एवढी गर्दी उसळली की एका म्हाताऱ्याच्या पायातला जोडा चेंगराचेंगरीत निघाला आणि संध्याकाळी रिठदच्या बसथांब्यावर सापडला, तोही दुसऱ्याच्या पायात. सोयाबीन काढणीचे दिवस. मळणीयंत्रं शेतात उभी आणि मजूर सगळे गावात. टिनाच्या छपरांवर माणसं, लिंबावर माणसं, आणि ज्याच्याजवळ मोबाइल होता त्यानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, अख्ख्या गावानं शरणागती पत्करली. तसं वाटणं फार चुकीचंही नव्हतं.

गर्दीच्या मधोमध शेवंती उभी होती. पांढरीशुभ्र घोडी, वरातीची. तिचा दोर धरून तिचा धनी देवमन. आणि मागं, गळ्यात घोड्याच्या नालांची माळ घालून, टापेश्वर महाराज. महाराज चालले की लोहाराचं दुकानच चालत आल्यासारखं वाटायचं. ते कुठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे हिमालयातून, कोणी म्हणे हिंगोलीहून.

“घोड्याला डोळे किती?” महाराजांनी गर्दीला विचारलं.

“दोन!” गर्दी म्हणाली.

“चूक! सहा! दोन तोंडावर, चार पायांवर. प्रत्येक पायाच्या आतल्या अंगाला ती काळी चकती असते ना, ती देवानं काय शोभेला चिकटवली? तो रातडोळा! अंधारात केलेली करणी तो डोळा पाहतो. आणि या घोडीच्या गळ्यावर केसांचा भोवरा आहे, पाहा. जाणकार त्या भोवऱ्याला काय म्हणतात? देवमण! आणि धन्याचं नाव काय? देवमन! याला योगायोग म्हणता? योगायोग म्हणजे एसटीत खिडकीची जागा मिळणं. याला संकेत म्हणतात, संकेत!”

लोकांनी हात जोडले. देवमनची छाती, खरं सांगायचं तर, तेवढ्यापुरती वीतभर फुगली. ज्या गावात त्याच्या आजाला वाड्यावरच्या रामरावांच्या आजासमोरून पायात जोडा घालून जाता येत नव्हतं, त्या गावात रामरावांच्या घरचा नवरदेव देवमनच्या घोडीवर बसला होता, आणि आज तर घोडीच्या पायाला हात लावायला रामरावांच्या मालकीणबाई वाकल्या होत्या.

त्या का वाकल्या, तेही सांगतो. रामरावांची सून संस्कृती उन्हाळ्यापासून आजारी होती. बोलता बोलता तिची दातखीळ बसे, हातपाय ताठत, तोंडाला फेस येई. मग निपचित पडे आणि उठली की काही आठवत नसे. घरातले घाबरले, आणि सासूबाई, म्हणजे याच मालकीणबाई कस्तुराबाई, सगळ्यांत जास्त घाबरल्या. त्यांनीच महाराजांना बोलावलं. महाराज म्हणाले, करणी आहे. कोणाची, ते घोडी सांगेल. जिच्या दारात घोडी पाय रोवेल, ती बाई.

घोडी निघाली. देवमन पुढं, गर्दी मागं. एक गल्ली झाली, दुसरी झाली. शेवंती मान हलवत, वरात नसतानाही वरातीच्या ठेक्यात चाललेली. बौद्धवाड्याच्या वळणावर वच्छलाबाईचं घर लागतं. वच्छलाबाई दारात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. विधवा बाई, एकटी, लहानपणी देवी आल्या तेव्हा एका डोळ्यात फूल पडलेलं. तिचं दार आलं आणि शेवंतीनं चारी पाय जमिनीत रोवले. कान मागं, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. देवमननं ओढली तर ती मागंच सरकली.

गर्दीतून “आईऽऽ” असा एकच आवाज निघाला.

“पुढच्या सोमवारी पुन्हा!” महाराजांनी हात वर केला. “पुन्हा इथंच थांबली, तर या बाईनं गावाची शीव ओलांडायची. नाहीतर रामरावांची सून हाती लागणार नाही.”

वच्छलाबाईच्या सुपातली तूर तशीच राहिली. ती देवमनकडं पाहत होती. देवमन घोडीकडं.

ती त्याच्या चुलतभावाची बायको. त्याची वहिनी.

दिवेलागणीला ती त्याच्या अंगणात आली.

“देवमन, घोडी तुही हाय. तुले माहीत असन. तिले माह्या दारात काय दिसलं?”

“मले काय माहीत वैनी. जनावर हाय ते.”

“जनावर हाय, तेच म्हनतो मी. जनावराशी माहं कायचं वैर? तिच्या पिलाले मी हातानं पेंड चारली. तू सांग ना लोकाईले. तुह्याशिवाय कोनाचं आयकतीन?”

देवमन घोडीच्या अंगावरून खरारा करत राहिला. दर रविवारी विहारात बसून “आमी भूत मानत नाई, भानामती मानत नाई” असं खड्या आवाजात म्हणणारा माणूस. पण आज आवाज कुठं गेला होता कोणास ठाऊक.

“मी जातो मंग,” वच्छलाबाई म्हणाली. “जागा पाहा लागन. सोमवारपर्यंत कोन देते मले घर, या वयात?”

सकाळी देवमननं मोटरसायकलला किक मारली आणि आसेगावचा रस्ता धरला.

आसेगावच्या अलीकडं एका मळ्यात दौलतसिंग राहत असे. पोलिसांच्या घोड्यांना शिकवून निवृत्त झालेला माणूस. मिशा एवढ्या की उन्हाळ्यात त्यांच्या सावलीत कोंबडी बसायची. शेवंती मागच्या लग्नसराईत डीजेला बिचकून उधळली, तेव्हापासून देवमन त्याच्याकडं शिकायला जात होता. पहिल्याच दिवशी दौलतसिंगनं शेवंतीच्या तोंडातला काटेरी लगाम काढून विहिरीत टाकला. चाबूक मागितला आणि त्याची मळ्यातल्या वांग्याच्या झाडाला काठी केली. मग देवमनला म्हणाला, “आता तिच्याजवळ उभा राय. काई करू नको.”

“काईच नाई?”

“काई न करनं तुले जमते का, ते पाहू. तिनं मान खाली टाकली, तोंड चावल्यावानी केलं, की समज तिनं तुले माफ केलं.”

देवमनला ते जमायला पावसाळा उजाडला. दोर ढिला ठेवायचा. पोट मऊ ठेवायचं. घोडीला ओढायचं नाही, विचारायचं. हळूहळू शेवंती नुसत्या त्याच्या खांद्याच्या हालचालीनं वळायला लागली, त्यानं श्वास सोडला की थांबायला लागली. देवमनला वाटे, ही तर माझ्या मनातलं ऐकते.

आता सगळी हकीकत ऐकून दौलतसिंग हसला नाही. देवमनला वाटलं होतं, हसेल.

“तुमी मानता का भाऊ असं काई?”

“मी आधीपासून काई मानून घेत नाई,” दौलतसिंग म्हणाला. “घोडी खोटं बोलत नाई, एवढं मले माहीत हाय. पन ती कोनाचं खरं सांगून राह्यली, ते पाहा लागन.”

बुधवारी तो धामणखेडीत आला. त्यानं वच्छलाबाईच्या दारासमोरची जागा वास घेत घेत तपासली. कुत्र्यागत, असं गल्लीतल्या बायका पदराआडून म्हणाल्या. मग त्याचं लक्ष घराच्या छपरावरच्या निळ्या ताडपत्रीकडं गेलं. एक कोपरा वाऱ्यानं फडफडत होता.

“हे पाय! घोड्याले फडफडनारं पिलास्टिक म्हनजे वाघ. काढा ते.”

ताडपत्री काढली. देवमननं शेवंतीला आणलं. दार आलं आणि शेवंतीनं पाय रोवले.

“चुकलो मी,” दौलतसिंग लगेच म्हणाला. “पिलास्टिक नव्हतं.” त्यात त्याला काही वाटलं नाही. देवमन मात्र दोन पावलं मागं सरकला. ज्या माणसाला घोड्यांतलं सगळं कळतं, त्यालाही कळत नाही, म्हणजे मग…

“तू आता घरी जाय,” दौलतसिंग त्याला म्हणाला. “दोर माह्याजवळ दे.”

देवमन कोपऱ्यापर्यंत गेला आणि भिंतीआडून पाहू लागला. दौलतसिंग काहीतरी गुणगुणत निघाला. शेवंती त्याच्यामागं सैल पावलांनी चालली. वच्छलाबाईचं दार आलं. शेवंतीनं सरळ उंबऱ्यावरून मान आत घातली, आणि वच्छलाबाईनं पुढं केलेला भाकरीचा तुकडा ओठांनी उचलला. बाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. घोडीनं डोळे मिटले.

“ये देवमन,” दौलतसिंगनं तिकडं न पाहताच हाक मारली. “भिंतीमांगून निंग. दोर धर.”

देवमननं दोर हातात घेतला मात्र, शेवंतीची मान वर गेली. कान फिरले. दौलतसिंगनं देवमनच्या मुठीवर आपला पंजा ठेवला. मूठ दगडासारखी. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

“श्वास कुठी हाय तुहा?”

देवमननं श्वास घेतलाच नव्हता.

“बाईच्या दारात काई नाई बाप्पा. जे हाय ते दोराच्या या टोकाले हाय.”

देवमनला ते पटलं नाही. पटावं अशी इच्छाही नव्हती. त्याच्या अंगणात बसून तो दौलतसिंगशी वाद घालत राहिला. “मी काई केलं नाई भाऊ. माहा हातही हालला नाई.”

“मंग एक खेळ खेळू.” दौलतसिंगनं दोराचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि डोळ्यांवर रुमाल आवळला. “मी घोडी. तू मले अंगनातून फिरव. मनात एक जागा धर, जिथी मले जाऊ द्यायचं नाई. बोलू नको, ओढू नको, थांबू नको. नुसतं मनात ठेव.”

देवमननं मनात अंगणातल्या छपरीच्या तुळईखालची जागा धरली, जिथं पाळणा टांगायची कडी होती. दोघं चालू लागले. गोठ्यावरून, रांजणावरून, चुलीवरून. तुळईखाली आले आणि दौलतसिंग जागच्या जागी थांबला.

“इथी,” तो म्हणाला आणि रुमाल काढून वर पाहिलं. कडी पाहिली. “इथी काय हाय?”

देवमननं हातातला दोर सोडला. तिथं त्याच्या मुलीचा पाळणा होता. पौर्णिमा नाव ठेवलं होतं. सव्वा महिनाही झाला नव्हता. वच्छलावहिनीच तिला न्हाऊ घालायची, तेल चोळायची. एका सकाळी मुलगी पिवळी पडली, दवाखान्यात नेली, आणि रिकाम्या हातानं परत यावं लागलं. डॉक्टर म्हणाले कावीळ. देवमननंही सगळ्यांना कावीळ सांगितलं. आतल्या आत मात्र त्या फूल पडलेल्या डोळ्याचा विचार त्यानं कधी पुरता सोडला नव्हता. कोणाला बोलला नव्हता. बायकोलाही नाही.

घोडीला मात्र कळलं होतं.

“सोमवारी सकाळी महाराजानं तुले एकट्याले काई सांगतलं होतं का?” दौलतसिंगनं हळूच विचारलं.

“नाव नाई घेतलं. फक्त म्हने, जिच्या डोयात फूल हाय अशी बाई दिसली त दोर घट्ट धरजो, घोडीचा जीव जाईन.”

“झालं मंग. घोडीले जादू येत नाई अन् त्यालेही येत नाई. त्याले फक्त एवढं येते की भेव कुठी पेरावं. कस्तुराबाईचा वहीम कोनावर हाय ते तिच्याकडून काढून घेतलं, तुह्या कानात पेरलं, अन् ते दोरातून घोडीत उतरलं. जनावर चांगलं शिकवलेलं हाय, म्हनून तर ते आयकलं. तू तिले मारत होता, तवा तिनं कायले तुहं मन पाह्यलं असतं?”

देवमननं त्या आठवड्यात रोज प्रयत्न केला. पोट मऊ, दोर ढिला, श्वास लांब. सगळं समजलं होतं. तरी वहिनीचं दार दहा पावलांवर आलं की हात आपोआप आवळायचा. समजणं डोक्यात होतं, भीती हातात.

सोमवार उजाडला. गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट. महाराज पारावर गादी टाकून बसलेले. वच्छलाबाईच्या दारात एक ट्रंक आणि गोधड्यांचं गाठोडं बांधून तयार. तिनंच बांधलं होतं. दुसऱ्यांनी फेकण्यापेक्षा बरं, म्हणाली.

दौलतसिंग पारापाशी गेला आणि त्यानं हात जोडले. “महाराज, लहान तोंडी मोठा घास. पन हा देवमन त्या बाईचा देर लागते. आज त्यानं घोडीले दारावरून पुढं दामटलं त?”

गर्दीत कुजबुज झाली. महाराजांच्या मनातही तीच धाकधूक असावी, कारण ते झटक्यात म्हणाले, “डोळे बांधा त्याचे! दृष्टी घोडीला आहे, धन्याची गरज काय? आणि वाट दाखवणाऱ्याशिवाय सगळ्यांनी मौन! कोणी चकार शब्द काढला तर घोडीची समाधी भंगेल!”

“वा! हे माह्या डोक्यात नसतं आलं,” दौलतसिंग म्हणाला. आपला दुपट्टा त्यानं देवमनच्या डोळ्यांवर बांधला, त्याला जागच्या जागी गरागरा फिरवलं, आणि रामरावांना बाजूला घेतलं. “रामरावजी, तुमी माह्यासंगं चाला. मी देवमनले काय सांगतो ते आयका. अन् घोडी कुठी हाय, ते पाहा. दोन्ही ध्यानात ठेवा.”

निघाले. देवमनला अंधारात फक्त टापा ऐकू येत होत्या. एक वळण, दुसरं वळण. दौलतसिंग त्याच्या कोपराला धरून वाट दाखवत, हलक्या आवाजात काहीबाही विचारत होता: नाल कधी बसवले, दाणा किती देतो, पिलाचं दूध कधी तोडलं. देवमन उत्तरं देत होता. एवढ्यात कुठंतरी जवळ सूप आपटल्याचा आवाज झाला आणि शेवंती काहीतरी चावायला लागली. देवमनला वाटलं, कोणाच्या तरी कुंपणाचा पाला असेल.

तो वच्छलाबाईच्या सुपातला तुरीचा घास होता. घोडी तिच्या दारात मजेत थांबून, घास घेऊन पुढं गेली होती. रामरावांचं तोंड उघडं राहिलं. गर्दीनं श्वास रोखला, पण मौन महाराजांचंच होतं, कोण मोडणार?

वळसा घालून सगळे पुन्हा पारासमोर आले. महाराज गादीवर डोळे मिटून बसलेले. दौलतसिंग देवमनच्या कानाशी वाकला, पण रामरावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “देवमन, आलं वैनीचं दार.”

शेवंतीनं चारी पाय रोवले.

कान मागं. नाकपुड्या फुगलेल्या. तिनं फुत्कार टाकला आणि महाराजांच्या तोंडासमोर दोन्ही पुढचे पाय उचलले. नालांची माळ खळखळली. महाराज गादीसकट मागं सरकले.

मग लिंबावरून कोणीतरी ओरडलं, “अबे, महाराजच करनीवाला निंगाला!”

“घोडीला आज सुतक आहे!” महाराज किंचाळले.

“कोनाचं?”

“तुमच्या धंद्याचं!” दुसऱ्यानं परस्पर उत्तर दिलं, आणि हशा उसळला. हशातच पहिली चप्पल आली. दुसरी आली. दोघातिघांनी महाराजांची माळ धरून त्यांना पारावरून खाली खेचलं. मागच्या सोमवारी ज्या डोळ्यांनी लोक वच्छलाबाईकडं पाहत होते, त्याच डोळ्यांनी आता महाराजांकडं.

“थांबाऽऽ!” दौलतसिंगचा आवाज पोलीस परेडचा होता. लिंबावरच्या चिमण्यासुद्धा थांबल्या असतील. “हात खाली! घोडीनं महाराजालेही पकडलं नाई! घोडी कोनालेच पकडत नाई! रामरावजी, सांगा, तुमी काय आयकलं अन् काय पाह्यलं?”

रामराव कसेबसे बोलले. “बाईच्या दारात… घोडी उभी राहून तूर खाऊन गेली. अन् इथी, पारावर, यानं देवमनले सांगतलं की बाईचं दार आलं. तवा बिचकली.”

“म्हनजे ती दाराले भेली का देवमनच्या भेवाले भेली?”

दौलतसिंगनं दुपट्टा सोडला. देवमननं डोळे उघडले, समोर पार पाहिला, महाराज पाहिले, आणि काय झालं ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही. आपल्याच हाताकडं तो पाहत राहिला. दोर तळव्यात रुतला होता.

कस्तुराबाई पुढं आल्या. आवाज चिडका होता, पण आत रडू होतं. “मंग माह्या सुनेले काय झालं? ते सांगा ना!”

“मले माहीत नाई बाई,” दौलतसिंग म्हणाला. “घोडीलेही माहीत नाई. ज्याले माहीत असन त्या डाक्टरकडं न्या तिले. उन्हाळ्यातच नेलं असतं त आजवर बरी झाली असती का कोन जाने.”

पोलीस पाटलानं फोन लावला. महाराजांना न्यायला जीप आली. ज्याला सहा डोळ्यांचं एवढं ज्ञान होतं, त्याला जीपची पायरी दिसली नाही. संस्कृतीला दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. मेंदूचा फोटो निघाला, मिरगी म्हणजे फेफरं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. झटके कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत. एवढ्या महिन्यांचा उशीर गोळीनं भरून निघत नसतो.

त्या सोमवारी गर्दी पांगल्यावर देवमन घोडी घेऊन वच्छलाबाईच्या दारात गेला. शेवंतीचे कान टवकारलेले, तरी ती आली. वच्छलाबाई गाठोडं सोडत होती.

“वैनी…”

“बोलू नको देवमन. मी तथीच होतो. सगळं पाह्यलं.” तिनं गाठ सोडली, गोधडीची घडी उलगडली. “महाराज त परका मानूस. त्याले माहं काई देनंघेनं नव्हतं. पन दोर तुह्या हातात होता. पौर्णिमा गेली तवापासून तू माह्या घरचा चहा पेला नाई. मले वाटे, कामाच्या घाईत असशील.”

वच्छलाबाईनं त्याला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती गोधडी वाळत टाकायला आत गेली. शेवंतीनं मान खाली टाकली आणि उंबऱ्यावर सांडलेली तूर वेचायला लागली. देवमन दोर ढिला सोडून बाहेर उन्हात तसाच उभा राहिला.

तेव्हा मंडळी, तुमच्याही गावात कधी घोडी येईल, कधी नंदी येईल, कधी दोन बोटांवर फिरणारा नारळ येईल, आणि सगळे म्हणतील की बघा, त्यानं आपणहून दाखवलं. तेव्हा नारळाला नमस्कार करायच्या आधी एवढंच करा: ज्याच्या हातात आहे त्याचे डोळे बांधा आणि पुन्हा फिरवून पाहा. त्यासाठी शिकलेलं असावं लागत नाही, धाडसी असावं लागत नाही, एक दुपट्टा पुरतो. आणि तो हात तुमचा स्वतःचा असेल, तर कोणाच्या दाराकडं बोट दाखवायच्या आधी तो कशाला भितो हे त्यालाच विचारा. उत्तर आवडणार नाही. पण ते एका बाईला घराबाहेर काढण्यापेक्षा स्वस्त पडेल.